त्याची उजवी, माझी डावी

३ फेब्रुवारी, सोमवार

पाणी नाही. चहा नाही. बिस्कीट नाही. पंखा नको, पंखा बंदही नको. तासभर राजे फ्रिजच्या दारावर कपाळ आपटत होते आणि मी एकेक वस्तू आणून त्यांच्यासमोर नाचवत होते — हे हवं? हे? मग काय हवं, माझं डोकं?! शेवटी त्याने स्वतःच सदरा ओरबाडून काढला. मानेवर लालभडक चट्टा. कॉलरच्या आतली कापडी पट्टी टोचत होती. एवढंच! एका पट्टीपायी त्याच्या कपाळाला टेंगूळ आणि माझी कामावर दांडी.

आईला दोन मिनिटांत कळलं असतं. राजे हे तिनेच ठेवलेलं नाव. एकोणचाळीस वर्षांत तो एक शब्द बोलला नाही, आणि आईचं काही अडलं नाही. "माझ्या राजांना बोलायची गरजच काय? हुकूम डोळ्यांनी सुटतो." डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई म्हणाली, नाव कळून मला काय करायचंय. नोव्हेंबरात ती गेली. मागे राहिले मी — मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी, आणि डोळ्यांतलं काही म्हणजे काही वाचता न येणारी.

दादाचा फोन आला. हा आमच्यात थोरला. दुसऱ्या शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतो. आज मात्र कामाचं बोलला. गावाबाहेर अशा मोठ्या माणसांसाठी एक निवास आहे, तिथे एक पलंग रिकामा होतोय. "बघून तरी ये," म्हणाला. बघून यायला काय जातंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊन आले. बसने पाऊण तास. बैठी इमारत, लांब व्हरांडा, अठरा माणसं. एका खोलीत दोन पलंग, दोन कपाटं, एक खिडकी. मागे मोठी खोली, तिथे सगळे टेबलाशी बसून डब्यांना लेबलं चिकटवत होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळे ज्यांना मामा म्हणतात ते देखरेख करतात. तेही बोलत नाहीत, नुसते फिरत असतात. मला दहा मिनिटांत गुदमरल्यासारखं झालं.

संचालिका बाई माझ्याच वयाच्या, केस बारीक कापलेले. मी कागदपत्रं पुढे केली तर त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, "तुमच्या भावाला विचारलंत?"

"तो बोलत नाही."

"आम्ही विचारल्याशिवाय कोणाला ठेवून घेत नाही. इथे आणून टाकलेली माणसं टिकत नाहीत."

"अहो, पण बोलतच नाही तर विचारणार कसं?"

"मग विचारता येईल असं करा. पलंग मार्चअखेरपर्यंत धरून ठेवते. नंतर यादीतल्या पुढच्याला."

म्हणे विचारता येईल असं करा! आईने जन्म घालवला, आणि मी पन्नास दिवसांत करायचं.

आणि खरं सांगू? (सांगू कोणाला, वहीलाच.) मला तो तिथे जायला हवाय. माझी कंबर गेलीय. त्याला आंघोळीला उठवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. नोव्हेंबरापासून सलग चार तास झोपले नाही. मला त्याची दया येते, माया येते, सगळं येतं — आणि मला तो घरात नकोय. लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

राजे दिवसा ज्या केंद्रात जातात तिथे एक बाई आहेत, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. आम्ही घरात त्यांना चित्रबाई म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्या आईच्या मागे लागल्या होत्या, याला चित्रांनी बोलायला शिकवू या. आईने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आज मीच राजांना घेऊन, तोंड वर करून त्यांच्या दारात गेले. त्यांनी मागचं काही काढलं नाही. चांगली बाई आहे.

पद्धत साधी आहे म्हणाल्या. त्याला बिस्कीट आवडतं ना? मग बिस्किटाचं चित्र. त्याने चित्र उचलून माझ्या हातात द्यायचं, मी ताबडतोब बिस्कीट द्यायचं. चित्र दिलं की वस्तू मिळते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं पुढे. सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर बिस्कीट घेऊन, दुसरं त्याच्या मागे, त्याचा हात धरून वळवायला. मागच्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

मी मागे. मी! जिला कामावर, चष्म्याच्या दुकानात, सगळे रेडिओ म्हणतात!

पहिलं चित्र राजांनी उचललं, वास घेतला आणि खाल्लं. पुठ्ठ्यासकट. बाई हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच असेन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुकानातून येताना सगळी चित्रं प्लास्टिकमध्ये पक्की करून घेतली. मोबाइलवर फोटो काढले, चौकोनी कापले, मागे चिकटपट्टी, सगळी एका जाड वहीत. चौदा चित्रं. मोठ्या ऐटीत बाईंपुढे ठेवली.

बाईंनी एकेक बघितलं. आंघोळ. औषध. झोप. चप्पल. दात घास. शांत बस.

"ताई, हे सगळे तुमचे हुकूम झाले. यात त्याचं काय आहे?"

माझं तोंड एवढंसं झालं. चौदातलं त्याचं एकच, बिस्कीट. तेही बाईंनीच केलेलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज!! मी स्वयंपाकघरात, कानाला फोन, दादा काहीतरी उपदेश करत होता. राजे बाहेरच्या खोलीतून चालत आले. वही तिकडे, मी इकडे — म्हणजे त्याने आधी ठरवलं, मग चित्र सोडवलं, मग मला शोधलं. माझा हात ओढला, बोटं उघडली, बिस्कीट ठेवलं. चित्रातलं. आणि वाट बघत उभा राहिला.

मी फोन कट्ट्यावर टाकला. दादा आतून हॅलो हॅलो करत राहिला. आज पहिल्यांदा माझ्या भावाने माझ्याकडे काही मागितलं. रडले, अगदी हमसून हमसून रडले. त्याने माझ्या रडण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, बिस्कीट खाल्लं आणि गेला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल एका दिवसात त्रेचाळीस वेळा बिस्कीट! पुडा संपला तरी चित्र हातात. नाही म्हटलं की कपाळ फ्रिजवर. वैतागून मी ते चित्र काढलं आणि कपाटावर टाकलं. घरात शांतता. झोपले.

आज सहज बाईंना सांगितलं. त्या संतापल्या. त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "बिस्कीट संपलं तर संपलं म्हणा, उद्या म्हणा, काहीही करा, पण चित्र काढून घ्यायचं नाही. एकोणचाळीस वर्षांनी त्याला एक शब्द मिळाला आणि तुम्ही तो कपाटावर टाकलात?"

मला काय माहीत! कोणी सांगितलं होतं का? घरी येऊन खुर्चीवर चढले, चित्र काढलं, पुसलं, वहीत लावलं. त्याने हात लावला नाही. दोन दिवसांत विश्वास उडाला, आणि मार्च दारात उभा आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा मागायला लागला. बिस्कीट, पाणी, गाणी, खिडकी. खिडकी म्हणजे उघड. पट्टी म्हणजे सदऱ्याच्या कॉलरचा फोटो, तो मी केला. चांगला झालाय, बाईही म्हणाल्या.

आता दोन चित्रं समोर धरून निवड करायची. हे की ते? आणि इथे गाडी रुतली. राजे उजवीकडचं उचलतात. काहीही असो, उजवीकडचं. एका बाजूला बिस्कीट, दुसऱ्या बाजूला मोजा — मोजा उजवीकडे असला तर मोजा! मग मोजा हातात मिळाला की आरडाओरडा. वीसपैकी एकोणीस वेळा उजवं.

बाई म्हणाल्या, बऱ्याच जणांचं होतं असं. चित्र बघायचं सोडून जागा धरून बसतात. बाजू बदलत राहायचं, आणि उचललं ते द्यायचंच, मोजा तर मोजा. वेळ लागतो.

मला यात नवल वाटलं नाही. चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी हेच करते. माणूस खुर्चीत बसतो, मी भिंग बदलते. आता बरं दिसतंय की आता? दहातले सात जण म्हणतात, दुसरं. दिसतंय म्हणून नव्हे. दुसरं कानात ताजं असतं, मागे रांग असते, आणि समोरच्या बाईला बरं वाटावं असं त्यांना वाटतं. मला हे माहीत आहे म्हणून मी उलटसुलट करून तीनदा विचारते. मालक म्हणतात, तुमच्या हातचा चष्मा परत येत नाही.

३ मार्च, सोमवार

काही नाही. डोकं ठणकतंय.

७ मार्च, शुक्रवार

मनगटाला चावला. खिडकीचं चित्र दिलं होतं त्याने, मी भाजी परतत होते, म्हटलं थांब रे जरा, थांब म्हटलं ना, दिसत नाही का हात भरलेत, एक मिनिट दम निघत नाही तुम्हाला राजे — अशी तोंडाची टकळी चालू. त्याने आधी कान झाकले. मग चावला.

दुकानात एका गिऱ्हाइकाने विचारलं, कुत्रं चावलं का? हो म्हटलं. इंजेक्शन घ्या हं ताई, म्हणाला. घरी येईपर्यंत त्या "हो"ची लाज वाटत राहिली.

१४ मार्च, शुक्रवार

घराचा एक फोटो काढला, आमचं दार. निवासाचा एक, लांब व्हरांडा. बाईंचं म्हणणं, तो जे चित्र देईल तिथे त्याला लगेच न्यायचं, म्हणजे अर्थ पक्का होईल. आठ दिवसांत चार फेऱ्या झाल्या. संचालिका बाई येऊ देतात. राजे तिथे लेबलांच्या खोलीत जाऊन बसतात. परवा दोन तास बसले. मी व्हरांड्यात ताटकळत.

केंद्रात बाईंसमोर वीसपैकी सोळा बरोबर आले त्याचे, बाजू कुठलीही असो. माझ्यासमोर मात्र अजून उजवं ते उजवं. बाई म्हणाल्या, "तुमच्यासमोर तो चित्रांकडे बघतच नाही. तुमच्याकडे बघतो." म्हणजे काय ते विचारायचं राहिलं. बस सुटत होती.

१९ मार्च, बुधवार

चित्रबाईंचे वडील पडले, मांडीचं हाड मोडलं. त्या गावी गेल्या, महिनाभर तरी येत नाहीत. विचारायचं ठरलंय सत्तावीसला.

"संचालिका बाईंना सांगून पुढे ढकला," म्हणाल्या. ढकलू कुठे? एकतीसनंतर पलंग दुसऱ्याचा.

२२ मार्च, शनिवार

दादा : "तुला योग्य वाटेल ते कर. मी आहेच."

आहेसच रे बाबा. टेलिफोनच्या तारेच्या त्या टोकाला कायम आहेसच!

२७ मार्च, गुरुवार

लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही.

संचालिका बाईंची खोली. टेबलाच्या एका बाजूला राजे, समोर मी, बाजूला संचालिका बाई, दाराशी मामा. त्या म्हणाल्या, "चित्रं तुम्हीच धरा ताई, त्याला तुमची सवय आहे." मला वाटलं होतं त्या धरतील. देवाशप्पथ, तोवर माझ्या मनात काही नव्हतं.

मग दोन्ही फोटो हातात आले आणि मला कळलं, आता सगळं माझ्या हातात आहे.

समोरासमोर बसलं की त्याची उजवी म्हणजे माझी डावी. निवासाचा व्हरांडा मी डाव्या हाताने ठेवला. घराचं दार उजव्या. संचालिका बाई म्हणाल्या, विचारा. मी म्हटलं, राजे, कुठे राहायचं? त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. एरवी तो कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही. मग हात पुढे केला आणि व्हरांडा उचलला.

"आणखी दोनदा विचारू या," बाई म्हणाल्या. मी फोटो गोळा केले, पत्ते पिसतात तसे वरखाली केले — आणि परत तिथेच ठेवले. व्हरांडा डाव्या हाताने. त्याने उचलला. परत पिसले. परत तिथेच. संचालिका बाई त्याच्या हाताकडे बघत होत्या. माझ्या हातांकडे कोणीच बघत नव्हतं.

तीनपैकी तीन. बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "स्वागत आहे." मी सही केली. सहीला हात कापला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते.

दुकानात परक्या माणसाला मी तीनदा उलटसुलट करून विचारते. साध्या चष्म्यासाठी.

२८ मार्च, शुक्रवार

आता बरं दिसतंय की आता? आता की आता? दिवसभर हेच.

१ एप्रिल, मंगळवार

पोचवून आले. सहा सदरे, सगळ्यांच्या पट्ट्या उसवलेल्या. चित्रांची वही. टॉवेल. उशी त्याचीच नेली.

मामांनी पिशवी घेतली. राजे आत गेले, खिडकीकडच्या पलंगावर बसले. मी म्हटलं, येते हं. मागे वळून बघितलं नाही. तो कधीच बघत नाही, त्यात नवीन काय!

२ एप्रिल, बुधवार

अकरा तास झोपले. काय ही मी.

६ एप्रिल, रविवार

घर खायला उठतं म्हणतात ते असं. मीच मोठमोठ्याने बोलते — चला, आता दूध तापवू, चला, आता खिडकी लावू. फ्रिजच्या दाराला त्याच्या कपाळाने पडलेला पोचा आहे. त्यावर फडकं फिरवत उभी होते किती वेळ.

१३ एप्रिल, रविवार

भेटायला गेले. हा तिथे एकटा पडला असेल, फसलेला, आणि सांगता येत नसेल कोणाला — दोन आठवडे हेच डोक्यात. तो लेबलं चिकटवत होता. एकावर एक, सरळ रेषेत. मी शेजारी बसले. जेवलास का, झोप लागते का, अंगावर पांघरूण पुरतं का, बोलत सुटले. त्याने कान झाकले. वही उघडून पुढे केली तर एकही चित्र दिलं नाही.

मामा म्हणाले, "बरा आहे तो, ताई." मामा असंच म्हणणार. राजे वाळल्यासारखे वाटले मला.

माझ्यावर रागावलाय. त्याला कळलंय मी काय केलं ते.

१९ एप्रिल, शनिवार

चित्रबाई परत आल्या. त्यांचा फोन. वडील आता बरे. मग विचारलं, "कसं झालं त्या दिवशी? बाजू बदलल्या ना दर वेळी?"

हो म्हटलं.

"शाब्बास! मला तीच एक काळजी होती."



२२ एप्रिल, मंगळवार

आज खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी भिंग बदलून विचारलं, आता की आता? ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल ते, बाई. तुम्हालाच कळतं." आणि माझा बांध फुटला. भिंगांचा डबा हातात धरून ढसाढसा रडले गिऱ्हाइकासमोर. मालकांनी पाणी दिलं आणि घरी जा म्हणाले. घरी गेले नाही, चित्रबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. डावी, उजवी, पत्ते पिसणं, सगळं.

त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याला कोणी विचारलंच नाही."

"नाही."

"आता सांगावं लागेल तिथे."

"पलंग जाईल."

"जाईल कदाचित."

दादाला फोन केला. म्हणाला, वेड लागलंय का तुला, झालं ते गंगेला मिळालं. तोही आरामात आहे, तूही. तोंड मिटून बस. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाचा फोन मध्येच ठेवला.

२५ एप्रिल, शुक्रवार

संचालिका बाईंना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, हाकलून देतील, कागद तोंडावर फेकतील. नुसतं ऐकून घेतलं. ते जास्त लागलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही दमला होतात, हे मला सांगायचं होतंत. दमलेलं माणूस ओळखता येतं मला." मग म्हणाल्या, परत विचारू. तीस तारखेला. चित्रं चित्रबाई धरतील, आणि मी खोलीबाहेर.

व्हरांड्यातून निघताना मला एकदम हलकं वाटलं. माझं ठरलंय. तो घर म्हणणार आणि मी त्याला घेऊन येणार. कंबर जाईल तर जाऊ दे. झोपेचं काय, आईनेही कुठे झोप पाहिली होती!

२८ एप्रिल, सोमवार

मालकांशी बोलले, आता अर्धा दिवसच येईन. ते कुरकुरले, पण तयार झाले. त्याची खोली झाडली, गादी उन्हात टाकली, चादर नवी. दोन पुडे बिस्किटं आणली, त्रेचाळीस वेळा मागितलं तरी पुरतील. त्याच्यासाठी नवीन चित्रही केलं — माझाच फोटो, तोंडावर बोट. म्हणजे गप्प बस. हे चित्र त्याने मला द्यायचं. मीच काढला आरशासमोर, आणि हसू आवरेना. चित्रबाई म्हणाल्या, हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं.

परवा. मोठी पिशवीही काढून ठेवलीय, त्याचं सामान भरून आणायला.

३० एप्रिल, बुधवार

मी बाहेर बाकावर, पिशवी मांडीवर. दाराला काच आहे. आत चित्रबाईंनी दहा वेळा विचारलं. पाच वेळा निवास डावीकडे, पाच वेळा उजवीकडे. त्याने एकदाही घाई केली नाही. दोन्ही फोटो नीट बघायचा, मग हात पुढे करायचा. नऊ वेळा व्हरांडा.

दहाव्यांदा त्याने आमच्या दाराचा फोटो उचलला. मी उभीच राहिले. तो खुर्चीतून उठला, दार उघडून बाहेर आला, माझा हात धरला, बोटं उघडली आणि फोटो माझ्या हातात ठेवला. मी म्हटलं, चल राजे, चल. पिशवी उघडली. तो आत गेला आणि लेबलांच्या टेबलाशी जाऊन बसला.

घरी जा, असं मला सांगत होता. इतकं स्पष्ट आजवर कोणी मला काही सांगितलं नव्हतं.

आले घरी.